सुमनबाईंची बिनकुलपाची शाळा

परभणी जिल्ह्यात कुठं काही आक्रीत घडलं आणि माणसं घरादारातून उठली, की चार-दोन दिवसांत तिथं सुमनबाई हजर. एका साली पूर्णेला पूर आला, काठची घरं बसली आणि चुडाव्याच्या स्टेशनापलीकडं तंबू पडले. सरकारची ज्वारी वाटेत होती तोवर सुमनबाईंच्या पाट्यांचं पोतं येऊन पडलं होतं. दुष्काळात येलदरीच्या बाजूला रोजगार हमीवर बायाबापड्या खडी फोडायला बसल्या, तर त्यांची लेकरं लिंबाखाली गोळा करून 'अ अननसाचा' घेणारं माणूस कोण? सुमनबाईच! शेजारच्या जिल्ह्यात भूकंप झाला तेव्हा तर बाई निवृत्तीला टेकलेल्या. पण कुणाची रजा मंजूर करून घे, कुणाच्या बायकोची समजूत घाल, कुणाला जीपच्या मागच्या बाकावर कोंब, असं करत त्यांनी इथून मास्तरांची एक फौजच तिकडच्या पत्र्याच्या शेडांत नेऊन बसवली. कोणत्या शेडात किती लेकरं, कुणाला पाटी नाही, कुणाला आई नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

आणि बाईंची एक खोड साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती. त्यांच्या शाळेला कुलूप नसायचं. गोदाम मिळो, देवळाची ओसरी मिळो नाहीतर एखाद्या सोसायटीची खोली मिळो, बाई आल्या की पहिलं काम सुताराला बोलावून कडीकोयंडा काढायला लावायच्या. एका गावात सरपंचानं फळा चोरीला जाईल म्हणून गुपचूप कुलूप घातलं. बाईंनी भर चावडीत त्याला असा फैलावर घेतला, की बिचारा 'बाई, चुकलं' म्हणत घरी पळाला. "फळा गेला तर जाऊ द्या, मी दुसरा आणते," म्हणाल्या.

मग काय, लोक कौतुक करायला मोकळेच! बाईंचा माणसांवर केवढा विश्वास, म्हणे. सत्कारात एक पुढारी तर बोलून गेले की बाईंनी ज्ञानाचं दार सताड उघडं ठेवलं. टाळ्या पडल्या. बाई मान खाली घालून बसल्या होत्या, आणि लोकांना वाटलं, केवढा हा विनय! अहो, कसला विनय अन् कसला विश्वास! अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत या बाईंएवढी कुलूपवेडी मास्तरीण साऱ्या जिंतूर तालुक्यात सापडली नसती. ते वेड कसं उतरलं ते ऐका.

सुमनबाईंचं माहेर चुडावा. बाप शेतकरी, पण रेल्वे दारातून जाणारी, म्हणून पोरगी गाडीत बसून नांदेडला शिकली आणि मास्तरीण झाली. सासर बोरीकडचं एक खेडं. गावाचं नाव कशाला घ्या, घेतलं तर आजही चार माणसं अंगावर येतील. नवरा दिनकरराव. घरची जमीन बक्कळ, चावडीवर शब्दाला वजन. सून नोकरी करते म्हणून आधी भावकीनं नाकं मुरडली, मग पगार दिसल्यावर नाकं आपोआप सरळ झाली. गावच्या शाळेतच बाईंची बदली झाली आणि तिथंच त्या रुळल्या.

शाळा म्हणजे दोन खोल्या. पण भिंती दगडी, वर पत्रे, आणि कवाडं सागाची. गावात देवळाखालोखाल भक्कम इमारत ती. एका पावसाळ्यात येडबा धनगरानं झड लागली म्हणून मेंढरं शाळेच्या ओसरीला आणली. दाराला नुसती कडी, ती निघाली आणि सगळा कळप वर्गात. सकाळी नकाशावर लेंड्या, खडूच्या डब्यात लेंड्या, आणि नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब दारात! हेडमास्तर बन्सीधर गुरुजींना रडू यायचं बाकी राहिलं. त्या दिवशी बाईंनी ठरवलं, आता बास. परभणीहून भलंमोठं अलीगढी कुलूप आणलं. किल्ली घराच्या किल्ल्यांबरोबर त्यांच्या कमरेला. शाळा सुटली की कुलूप घालायचं, ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत येऊन परत ओढायचं. पोरं मागून खिदळायची, "बाई कुलपाला लोंबकळायल्या!" बाईसुद्धा हसायच्या. त्या कुलपाचा त्यांना अभिमान होता, का नसावा?

शाळेत वस्तीतली लेकरंही यायची. वस्ती ओढ्यापलीकडं, बौद्धांची. त्यांच्यात धुरपताबाईची सत्यशीला ही चौथीतली पोरगी फार हुशार. धाकटा भाऊ कडेवर घेऊनच यायची, त्याला पहिलीच्या रांगेत बसवायची आणि मग आपल्या जागी. बाईंचा तिच्यावर जीव. तिच्या आईला मात्र गावाबरोबर बाईसुद्धा 'धुरपते' अशीच हाक मारायच्या. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा त्यांच्या मनातही आलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला डॉक्टर आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आज अमक्या गावी वस्ती जाळली, उद्या तमक्या गावी तार तोडली. खबरा रोज यायच्या. गावातल्या पोरासोरांच्या तोंडी विद्यापीठ आलं, ज्यांनी जन्मात शाळेची पायरी चढली नाही त्यांच्यासुद्धा! चावडीवर बैठका वाढल्या. दिनकरराव तिथं जायचे, येऊन गप्प जेवायचे.

एका सकाळी बाई शाळेला निघाल्या, तर दिनकरराव बाजेवरून म्हणाले, "आज दुपारच्याला शाळा सोडून दे."

"काऊन?"

"सांगायलोय तेवढं कर. पोरं आपापल्या घरी असलेली बरी."

बाईंना अर्धं कळलं. उरलेलं अर्धं विचारलं असतं तर तेही कळलं असतं, म्हणून तर त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी बन्सीधर गुरुजी जिंतूरला मीटिंगला गेलेले. शाळेत त्या एकट्या. सकाळभर त्यांनी काय शिकवलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. चावडीकडून आरडाओरडा ऐकू यायला लागला तशी त्यांनी घंटा दिली. आता, गडबड झाली की मास्तर काय करतो? शाळा सोडतो. पोरं घरी गेली की आपली जिम्मेदारी सुटली, असा सगळ्या मास्तरांचा हिशेब. साप निघाला, शाळा सोडा. पुढारी मेला, शाळा सोडा. दंगल आली, शाळा सोडा. घर म्हणजे सुरक्षित. पण कुणाचं घर, हे कोण बघतो?

घंटा वाजली तशी पोरांनी 'हुर्यो' केला. वस्तीच्या लेकरांनीसुद्धा केला. सत्यशीला तेवढी फळ्यापाशी रेंगाळली. म्हणाली, "बाई, इतक्या लवकर? माय तर रानात हाय."

"मग भावाला घेऊन घरी बस. पळ लवकर. इकडं तिकडं थांबू नको."

पोरगी भावाला कडेवर घेऊन ओढ्याकडं पळाली. बाईंनी कवाडं ओढली, कुलूप घातलं, ओढून बघितलं. आणि लगबगीनं घरी आल्या, आपल्या पोराला जवळ घेतलं आणि दाराला आतून अडसर लावला.

थोड्याच वेळात ओढ्याच्या बाजूनं धूर दिसायला लागला. आवाज यायचे. बाया ओरडायच्या, कुत्री भुंकायची, पत्र्यावर दगड पडल्यासारखं काहीतरी व्हायचं. दिनकरराव बाजेवर बसून होते. कुणी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "मी कुठं गेलोय का? मी तर घरात बसलोय." बाईही घरातच बसल्या होत्या. कमरेची किल्ली टोचत होती, ती सारखी करून त्या पुन्हा बसल्या. शाळा दगडाची आहे, तिला आग लागत नाही, हे त्यांच्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. सकाळी आलं.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी शाळेवर गेल्या. सागाच्या कवाडावर चिखलाचे हात उठले होते. लहान लेकराचे. कुणीतरी दोन्ही हातांनी कवाड बडवलं होतं, जोरात, एकाच जागी. त्याच्या खाली, बरंच खाली, आणखी एका हाताचे ठसे होते, आणखी लहान. कुलपालाही चिखल लागला होता. ते कुणीतरी ओढून बघितलं होतं.

बाईंनी हापशावरून फडकं भिजवून आणलं आणि कवाड पुसलं. वरचे हात पुसले, खालचे पुसले, कुलूप पुसलं. का पुसलं ते त्यांना आयुष्यभर सांगता आलं नाही. चोरी करायल्यासारखे हात भराभर चालत होते. पुसून झालं आणि बन्सीधर गुरुजी सायकलवरून उतरले. घाबरलेले. "बाई, शाळेला काही झालं नाही ना?"

"नाही गुरुजी. कुलूप होतं."

"शाब्बास!" गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

वस्तीचे जीव वाचले, बाकी काही वाचलं नाही. घरं जळाली, दाणागोटा जळाला, पोरांची दप्तरं जळाली. माणसं रानातून, ओढ्यातून वाट काढत बोरीला गेली. तिथं एका व्यापाऱ्याचं सरकीचं गोदाम रिकामं होतं, त्यात त्यांची सोय झाली. आजूबाजूच्या आणखी काही गावांची माणसंही तिथंच आली. गावात सगळं सुरळीत झालं. शाळा भरायला लागली. वस्तीच्या लेकरांच्या जागा रिकाम्या, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बाई हजेरी घ्यायच्या आणि मध्येच अडखळायच्या. जेवण जाईना. डोळा लागला की ते खालचे लहान हात दिसायचे. कुणाचे होते? फिरून फिरून एकच नाव समोर यायचं आणि बाई ते नाव ढकलून द्यायच्या.

आठवड्याभरात त्यांनी पाट्या गोळा करायला सुरुवात केली. कुणाची फुटकी, कुणाची चौकट निघालेली, कुणाची जुनी पुस्तकं. गुरुजींकडं बिनपगारी रजेचा अर्ज टाकला आणि पिशवी भरून निघाल्या, तर दिनकरराव दारात आडवे.

"कुठं चाललीस?"

"बोरीला. लेकरांची शाळा बुडायली."

"सरकार बघंल त्यांचं. तू तिथं जाऊन काय सिद्ध करायलीस? गाव काय म्हणंल? मी काय काडी लावली का कुणाच्या घराला?"

"न्हाई लावली," बाई म्हणाल्या. "तुमी घरात बसला, मीबी बसले. आता मला बसवंना." आणि निघाल्या. दिनकररावांनी अडवलं नाही. त्यांनाही बसवत नसावं, पण तसं कबूल करायला त्यांची इज्जत आड आली.

गोदामात पहिल्या दिवशी बाईंकडं कुणी बघेना. बघतील कशाला? ज्या गावानं जाळलं, त्याच गावची सून, कपाळाला कुंकू, पायात चपला, हातात पाट्या. पुरुष उठून बाहेर गेले. बाया आपापल्या चुलींशी. बाईंना वाटलं जमीन दुभंगावी. तेवढ्यात कोपऱ्यातून धुरपताबाईनं लेकराला पुढं ढकललं. "जा, बाई आल्यात." एवढंच. मग दुसरीनं ढकललं, तिसरीनं ढकललं, आणि सरकीच्या तुसांनी केस माखलेली पोरं बाईंसमोर येऊन बसली. त्या दिवसापासून बाईंच्या तोंडी 'धुरपताबाई' आलं. ते दोघींनाही अवघड जायचं.

आणि मग बाईंनी जे काही उभं केलं, त्याला तोड नाही! बोरीच्या मास्तरांच्या हातापाया पडून त्यांनी पाळ्या लावल्या. आज हा सकाळी, उद्या तो दुपारी. शाळेत वाटायची सुकडी शिबिरात आणवली. ज्या पोरींना धाकटं भावंडं सांभाळावं लागतं त्यांनी भावंडासकट यायचं, असा नियम केला. मोठ्यांनी लहानांना शिकवायचं. निरनिराळ्या गावची, निरनिराळ्या इयत्तांची लेकरं, कुणाचं पुस्तक पुढं गेलेलं, कुणाचं मागं. बाईंनी सगळ्यांची मोट बांधली. पण पाटी देताना प्रत्येक लेकराचे हात त्या उलटसुलट करून बघायच्या. लेकरांना वाटायचं, बाई नखं बघायल्या.

सत्यशीला मात्र पहिल्याच दिवशी भावाला आत सोडून स्वतः उंबऱ्याबाहेर बसली; रात्री निजायचीसुद्धा ती बाहेरच, मायजवळ. बाईंनी हाक मारली, आली नाही. गोदामाला लोखंडी पत्र्याचं मोठं कवाड होतं. वाऱ्याची झुळूक आली आणि ते खाडकन मिटलं. बाहेरून किंकाळी आली. "कवाड लावू नका! बाई, कवाड लावू नका!" दोन्ही हातांनी पोरगी बाहेरून पत्रा बडवत होती. आत धाकटा भाऊ ऊर फुटेस्तोवर रडायला लागला.

बाईंनी कवाड उघडलं. पोरीचे हात धरले. आता ते उलटसुलट करून बघायची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडीकोयंडा काढून टाकला, कवाड खुंटीला दोरीनं बांधून टाकलं. म्हणाल्या, "बघ सत्यशीला, आता लागतच नाही. ये आत." पोरगी बघायची, मान हलवायची आणि म्हणायची, "बाहीरच बरं हाय, बाई." रागानं नाही. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तिथं बाहेर बसूनच ती पाढे म्हणायची, गणितं सोडवायची, आतल्यांच्या आधी उत्तर सांगायची. भाऊसुद्धा ती उंबऱ्यात दिसत राहिली तरच आत बसायचा. बाईंनी फळा दाराकडं सरकवला, स्वतःची जागा दारापाशी केली. आपली चूक कबूल करायचं रोज ठरवायच्या, आणि रोज पोरीच्या तोंडाकडं बघून शब्द गिळायच्या. सांगितलं आणि उद्या एकही लेकरू आलं नाही तर? शाळेचं निमित्त खरंच होतं. पण त्याच्या आड भित्रेपणाही होता, आणि तो त्यांना स्वतःला पुरता दिसत होता.

दसरा झाल्यावर परभणीहून शिक्षण खात्याचे एक बडे साहेब शिबिर बघायला आले. जीप, चार माणसं, गळ्यात चष्मा. माणूस वाईट नव्हता, तळमळीचा होता. जीपमधून उतरला आणि पहिली नजर गेली ती उंबऱ्याबाहेर बसलेल्या पोरीवर. सगळी आत, एकच बाहेर!

"ही मुलगी बाहेर का?" साहेबांचा आवाज चढला. "आत जागा नाही? का आत घेत नाही?"

बाई उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांना खालीवर बघितलं. "तुमचं आडनाव काय?"

बाईंनी सांगितलं.

"वाटलंच!" साहेब कडाडले. "जळलेल्या घरांतून आलेली लेकरं ही, आणि इथंसुद्धा तुम्ही त्यांना उंबऱ्याबाहेर बसवता? लाज वाटत नाही? आजच्या आज सस्पेंड करतो तुम्हाला. ही शाळा नव्हे, थट्टा आहे. बंद करा ही!"

गोदाम सगळं गोळा झालं. बाईंनी तोंड उघडलं. सांगावं तर काय? मी हिला बाहेर बसवलं नाही, असं म्हणावं? बसवलंच होतं की! साहेब चुकीचं कारण धरून बरोबर माणसावर ओरडत होते. चांगलंच झालं, एकदाचं होऊन जाऊ दे, असंही बाईंना वाटलं.

तेवढ्यात सत्यशीला उभी राहिली. "सायेब, बाईनं न्हाई बसिवलं. मीच बसते बाहीर. आत सरकीचा वास येतो, मला मळमळ व्हती."

आणि मागून धुरपताबाई पुढं आली, डोक्यावरचा पदर सावरत. "खरं हाय, सायेब. बाईला बोल लावू नका. लेकरांची साळा बंद करू नका. बाई रोज चालत यित्यात, ऊन म्हनंनात, पाणी म्हनंनात."

साहेब वरमले. हात जोडून माफी मागितली. मग वर्ग बघितला, पोरांना कविता म्हणायला लावली, सत्यशीलेला बाहेरच गणित घातलं आणि तिनं ते चटकन सोडवल्यावर त्यांचे डोळे भरून आले. "अशी बाई प्रत्येक शिबिराला पाहिजे," म्हणाले. "बाकीच्या शिबिरांच्या शाळाही तुम्हीच लावून द्या. हुकूम काढतो मी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिल्हाभर सुमनबाईंचं जे नाव झालं ते त्या दिवसापासून, आणि त्याचा पाया असा, एका लेकराच्या खोटेपणावर रचलेला. बाईंना वाटलं, सस्पेंड केलं असतं तर निदान भाकरी गोड लागली असती.

जीप गेली, पोरं खेळायला पांगली. बाई धुरपताबाईच्या चुलीपाशी गेल्या. ती भाकरी थापत होती. बाई खाली मातीत बसल्या.

"धुरपताबाई, तुमची पोर सायबासमोर खोटं बोलली."

"बोलली की."

"तिला वास-बीस काही येत नाही. ती आत का येत नाही ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी शाळा मीच सोडली. घरी पळ, असं मीच तिला म्हणाले. आणि कुलूप..."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"समदं." धुरपताबाईनं भाकरी तव्यात टाकली, वर पाणी फिरवलं. "पोरीनं पयल्याच दिशी सांगितलं. घर पेटलेलं बगून मागारी साळंत पळाली, कवाड बडवलं, कुलूप वडलं. मंग भावाला घिऊन ओढ्यावरच्या मोरीच्या नळ्यात जाऊन बसली, गळ्याइतक्या पाण्यात. लेकराला खांद्यावर धरून."

बाईंना आता थांबून चालणार नव्हतं, थांबलं तर ते कायमचं आत राहणार. "आणखी एक आहे. दुसऱ्या दिवशी कवाडावर त्यांचे हात उठले होते, चिखलाचे. ते मी पुसले. कुणी बघायच्या आत."

धुरपताबाईचा हात थांबला. तिनं पहिल्यांदा बाईंकडं नीट बघितलं.

"ह्ये न्हवतं ठावं," ती म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिनं ती उलटली नाही.

"धाकट्याचा हात कुठपर्यंत पुरला हुता?"

बाईंनी बसल्या जागी हात धरून उंची दाखवली. धुरपताबाई त्या हाताकडं बघत राहिली, मग तिनं भाकरी तव्यावरून बाजूला काढली आणि पदरानं डोळे कोरडे केले.

"मी उद्यापासून येत नाही," बाई रडत म्हणाल्या. "माझं तोंड नाही लेकरांसमोर उभं राहायचं. दुसरं कुणी पाठवायला सांगते सायबांना."

आता मात्र धुरपताबाईचा आवाज चढला. "वा वं वा! आमाला सांगितलं, जीव हलका केला, आता चाललाव व्हय घरी? तुमच्या जिवाचं तुमी बगा. माफी मागू नका, माज्याजवळ न्हाई ती. आन् तुमच्यासाटी न्हाई बोलले मी सायबाला, लेकरांसाटी बोलले. तुमाला हाकललं तर माज्या पोरीला कोण शिकवणार? इतकी गावं पडल्यात भवताली, इतके मास्तर हायेत. तुमच्या आदी दुसरं कोण आलतं का हितं, सांगा ना!"

पाळीचे मास्तर होते, पण तेसुद्धा बाईंनी आणले तेव्हा आले.

"सकाळच्याला या येळेवर," धुरपताबाई म्हणाली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

सकाळी बाई वेळेवर आल्या. सत्यशीला उंबऱ्याबाहेर पाटी घेऊन बसली होती. तिनं चौथीची परीक्षासुद्धा तिथंच बसून दिली आणि पास झाली. शिबिर उठेपर्यंत ती आत आली नाही, आणि बाईंनी तिला पुन्हा कधी आत ये म्हटलं नाही.